माजी सैनिकांचं नाटक कसं उभं करायचं: नागपुरातल्या तालमीतून

कारगिल विजय दिवस आला की नागपुरात ठिकठिकाणी माजी सैनिकांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, फोटो. मग सूत्रसंचालक म्हणतो, "साहेब, दोन शब्द बोला." साहेब माइक हातात घेतात, "जय हिंद" म्हणतात आणि खाली बसतात. टाळ्या वाजतात. स्पर्धेच्या नाटकांमुळे माझी बरीच वर्षं सभागृहांच्या विंगेत गेली आहेत. तिथून असे कार्यक्रम पाहताना त्या "जय हिंद"नंतरची दोन सेकंदं मला नेहमी खटकत आली. माणसाच्या ओठांवर काहीतरी आलेलं असतं, पण ते मांडायला तिथे जागा नसते. टाळ्यांनी ती बुजवून टाकलेली असते.

ज्यांना ती जागा करून द्यायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे: हौशी नाट्यमंडळं, समुपदेशक, माजी सैनिक संघटनांचे पदाधिकारी, किंवा वडिलांची काळी ट्रंक माळ्यावर धूळ खात पडलेली बघणारी मुलं. आम्ही हे छोट्या प्रमाणावर केलं. चुकाही बऱ्याच केल्या, त्या पुढे येतीलच.

जगात हे कुठे झालंय

१९८२ साली फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना ७४ दिवस लढले. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले. चौतीस वर्षांनी, २०१६ मध्ये, लोला आरियास या अर्जेंटिनी दिग्दर्शिकेने दोन्ही बाजूंचे सहा माजी सैनिक एका रंगमंचावर आणले. तीन अर्जेंटिनाचे होते, तीन ब्रिटनच्या बाजूने लढलेले. या तिघांतला एक नेपाळचा गुरखा होता. सहाही जण व्यावसायिक नट नव्हते. त्यांनी जुने फोटो, मासिकं, पत्रं कॅमेऱ्याखाली धरून आपापली गोष्ट सांगितली, मिळून बँड वाजवला आणि एकमेकांच्या आठवणींत पात्रं म्हणून उभे राहिले. बेटं कोणाची, यावर त्यांचं एकमत नव्हतं आणि नाटकाने ते घडवूनही आणलं नाही. भांडण शिल्लक ठेवूनसुद्धा एकत्र काम करता येतं, हे मला त्यातून कळलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. ब्रायन डोरीज यांनी २००८ पासून प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लिसच्या 'एजॅक्स' आणि 'फिलॉक्टिटिस' या नाटकांचे प्रवेश सैनिकांसमोर वाचायला सुरुवात केली. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. नट टेबलामागे बसून वाचतात, मग सैनिक समाजातली चार माणसं आधी बोलतात आणि त्यानंतर सगळं सभागृह बोलतं. सॉफोक्लिस स्वतः अथेन्सचा सेनापती राहिलेला माणूस होता, त्याच्या प्रेक्षकांतही लढून आलेले पुष्कळ असणार. डोरीज सांगतात, पहिल्याच वाचनानंतर सगळ्यात आधी उठून बोलली ती एका सैनिकाची बायको. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिसरं इस्रायल-पॅलेस्टाइनचं. 'कॉम्बॅटंट्स फॉर पीस' ही २००६ मध्ये पुढे आलेली संघटना, शस्त्र खाली ठेवलेल्या दोन्हीकडच्या माणसांची. ते फोरम थिएटर करतात: प्रसंग सादर करायचा, तो वाईट वळणावर थांबवायचा आणि प्रेक्षकातल्या कोणाला तरी पात्राच्या जागी उभं करून "आता तू काय करशील?" असं विचारायचं. ही पद्धत ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांची.

आपल्याकडे या कामाचा मजकूर फार जुना आहे. महाभारतातलं स्त्रीपर्व काढून बघा. युद्ध संपलंय, पांडव धृतराष्ट्राला भेटायला आलेत. म्हातारा भीमाला मिठी मारायला हात पसरतो. कृष्ण झटकन भीमाला मागे ओढतो आणि लोखंडी पुतळा पुढे करतो. धृतराष्ट्र तो पुतळा छातीशी आवळून चुरा करतो, आणि मग रडतो. युद्धानंतरची पहिली मिठी ही अशी असते! म्हणून आमच्या तालमीत एक नियम आहे: रंगमंचावर मिठी नाही. शेवटी दोन शत्रू गळ्यात पडतात आणि मागे तिरंगा उलगडतो, हा प्रसंग सुचला की समजायचं, आपण घाई करतोय.

आधी ठरवा: समेट कोणाशी?

"युद्धोत्तर समेट" म्हटलं की डोळ्यांसमोर सीमा येते. नागपुरात बसून काम करायचं तर पहिली सीमा घरातच सापडते. शिपाई म्हणून भरती झालेला जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो. म्हणजे तुमच्या गटात पांढऱ्या मिशांचे १९७१ वाले आजोबा असतील, तसाच बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असणारा बेचाळीस वर्षांचा माणूसही असेल. त्याची पोरं आठवी-दहावीत आहेत आणि बाप त्यांना नीट ओळखतच नाही. नोकरीची बरीच वर्षं घर ज्याच्याशिवाय चाललं, तो आता घरातल्या प्रत्येक गोष्टीत "शिस्त" शोधतोय. इथे समेट लागतो तो बायकोशी आणि पोरांशी.

दुसरा समेट पलटणीशी असतो: गेलेल्या सोबत्याशी, ज्याची ड्यूटी आपण बदलून घेतली होती. तिसरा सिव्हिलियन लोकांशी, जे एक तर पायाशी वाकतात नाही तर सोसायटीच्या पार्किंगवरून भांडतात, मधलं काही नाही. चौथा पलीकडच्या माणसाशी. बहुतेकांना चौथ्यापासून सुरुवात करायची असते, कारण तो दिसायला भव्य आहे. तुम्ही पहिल्यापासून करा. श्रीलंकेत, १९८७ ते १९९० च्या शांतिसेनेत होते असे एक काका आमच्याकडे यायचे. त्यांना "तमिळ माणसाबद्दल काय वाटतं?" असं विचारलं की ते पेपरातलं उत्तर द्यायचे. "घरी आल्यावर पहिल्या रात्री कुठे झोपलात?" हा प्रश्न आला, तेव्हा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अंगणात. बाहेर. छपराखाली झोप येत नव्हती." नाटक तिथून सुरू झालं.

माणसं जमवणं

कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिलेले बरेच. विदर्भातल्या गावांतून महार रेजिमेंट, मराठा लाइट इन्फंट्री, गार्ड्स, तोफखान्यात गेलेले आणि परत आलेले वेगळे. त्यांना गाठायची ठिकाणं साधी आहेत: कँटीनची रांग, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, म्हणजे ईसीएचएसचा दवाखाना, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, संघटनांच्या महिन्याच्या बैठका. पत्रक छापू नका. एका विश्वासू सुभेदारसाहेबांना धरा. ते म्हणतील "ये रे शनिवारी", तर दहा जण येतील. तुम्ही जाहिरात केलीत तर दोघं येतील, तेही अभिनयाची हौस असलेले.

बोलावताना "उपचार", "थेरपी", "मानसिक" हे शब्द तोंडून काढू नका. "नाटक" शब्दसुद्धा पहिल्या दिवशी जड जातो. आम्ही "शनिवारचा चहा" म्हणत होतो. मात्र फसवूही नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत स्वच्छ सांगा: आपण इथे आठवणींवर काम करणार आहोत, त्यातून कदाचित नाटक होईल, कदाचित होणारही नाही, आणि कोणीही कधीही उठून जाऊ शकतो.

आठ ते बारा जणांचा गट पुरे. त्यात दोन-तीन बायका हव्याच: वीरपत्नी, सैनिकांच्या पत्नी, मिलिटरी नर्सिंगमधून निवृत्त झालेली एखादी ताई. त्या नसल्या तर गट अर्ध्या तासात मेस होतो, म्हणजे किस्से आणि हशा. सोबत नाट्यशास्त्र शिकणारी दोन-तीन तरुण मुलं घ्या. आपल्या पोराला जे सांगता येत नाही, ते माणूस दुसऱ्याच्या पोराला सांगतो.

हुद्द्याचं काय करायचं? हा प्रश्न हलका घेऊ नका. निवृत्त कर्नल खोलीत आले की हवालदार आपोआप ताठ बसतो आणि बोलणं थांबतं. "इथे सगळे समान" असं जाहीर करून काही होत नाही, वीस वर्षांची सवय आहे ती. आम्ही दोन गोष्टी केल्या. सगळे खाली सतरंजीवर बसले आणि चहा देण्याची पाळी लावली, तीही हुद्द्याने सगळ्यात वरच्यापासून. कर्नलसाहेबांनी शिपायाच्या हातात कप दिला तेव्हा शिपाई उठून उभा राहिला. साहेब म्हणाले, "बस रे बाबा, सांडेल." त्या दिवशी बाकी काही झालं नाही. तरी तालीम झाली असं मी धरतो.

मानसोपचारतज्ज्ञ आधी, दिग्दर्शक नंतर

ही पायरी वगळून पुढे जायचं असेल तर हे काम हातात घेऊ नका. पहिल्या बैठकीच्या आधीच एखादा मानसोपचारतज्ज्ञ किंवा अनुभवी समुपदेशक गटाशी जोडलेला हवा. तो रोज हजर नसला तरी चालेल, पण फोनवर मिळाला पाहिजे. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकलचा मानसोपचार विभाग आहे, एम्स आहे. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. मराठीतूनही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

ज्याची झोप महिनोन्‌महिने उडालेली आहे, जो रोज पितो, जो "आता जगून काय" अशी भाषा करतो, त्याला आधी डॉक्टरांकडे न्यायचं. दार बंद करायचं नाही: "चहाला ये, तालीम पुढच्या वर्षी." नाटक हा औषधाला पर्याय नाही. पहिल्या महायुद्धात या त्रासाला 'शेल शॉक' म्हणायचे, १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) हे नाव दिलं. त्याखेरीज आणखी एक दुखणं असतं, नैतिक जखम: भीती नसते, पण आपण जे केलं किंवा करू शकलो नाही ते स्वतःच्याच मनाला पटत नाही. गोळ्यांनी झोप येते, पण हे बोलल्याशिवाय हलत नाही. आपल्या खोलीचा उपयोग मुख्यतः इथे.

तालमीची खूण ठरवून घ्या. कोणी हात छातीवर ठेवला की सगळं थांबलं, कारण विचारायचं नाही. एक माणूस, शक्यतो दुसरा फौजीच, त्याच्यासोबत बाहेर जाईल, पाणी देईल, गरज वाटली तर घरापर्यंत सोडेल. खोलीला दोन दारं असतील तर उत्तम. पाठ दाराकडे करून बसायला काही जण तयार नसतात, त्यांना भिंतीची जागा आधीच द्या.

आता आमची चूक. पहिल्या वर्षी एका तरुण ध्वनिसंयोजकाने हौसेने गोळीबाराचा आवाज आणला. मीच "लाव" म्हणालो. स्पीकर सुरू झाला आणि ऐन कारगिलच्या काळात द्रासला असलेले एक भाऊ चप्पल न घालता बाहेर पडले. कडक ऊन होतं. अर्ध्या तासाने चौकातल्या रसवंतीवर सापडले. ते पुन्हा आले ते चार महिन्यांनी. तेव्हापासून बंदुकीचा आवाज नाही, धूर नाही, अचानक अंधार नाही. लागलाच तर तोंडाने आवाज काढतो, "ठ्यां", लहान पोरं काढतात तसा. तो जास्त अंगावर येतो.

वेळापत्रक आणि जागा

नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम करू नका. उकाडा सहन होईल, पण कूलर चालू केला की त्या घरघरीत हळू बोलणारा माणूस ऐकू येत नाही, आणि महत्त्वाचं सगळं हळूच बोललं जातं. आम्ही जुलैत सुरुवात करतो, आठवड्यातून एकदा, दोन तास. दिवाळीत फटाक्यांमुळे दोन आठवडे सुट्टी. लग्नसराईत मंगल कार्यालयाजवळची खोली टाळा, वरातीतल्या सुतळी बॉम्बने एक अख्खी संध्याकाळ गेली आहे आमची. जानेवारीत पहिला प्रयोग. शाळेचा वर्ग, वाचनालयाची मागची खोली, समाजमंदिर, काहीही चालतं. मंच नसला तर बरंच.

पहिले चार शनिवार: वाचन

थेट "तुमचा अनुभव सांगा" म्हणू नका. आधी दुसऱ्याची गोष्ट मध्ये ठेवा. आम्ही अश्वत्थामा घेतो. रात्री झोपलेल्या छावणीत शिरून मुलं मारणारा, मग कपाळावरचा मणी काढून घेतलेला, तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप मिळालेला. आणि आपल्याकडच्या गोष्टींत तो आजही जखमेला तेल मागत दारोदार फिरतो. तिन्हीसांजेला ही गोष्ट आजीकडून ऐकलेले लोक गटात असतातच. वीस मिनिटं वाचन, बसूनच. वाचणारे दोन मुलं आणि एक फौजी. मग तीनच प्रश्न: यातलं काय ओळखीचं वाटलं? त्याला तेल कोणी द्यावं? तुम्ही दार उघडाल?

तिसऱ्या प्रश्नावर एकदा दीड तास वाद झाला. "पोरं मारली त्यानं, काहून उघडावं?" असं एक जण म्हणाले. एक वीरपत्नी म्हणाली, "मी उघडीन. पण घरात घेणार नाही. वाटी बाहेर ठेवीन." समेटाची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या परिसंवादात ऐकलेली नाही.

दुसऱ्या शनिवारी गांधारीचा विलाप, तिसऱ्याला तर्पणाच्या वेळी कुंतीने सांगितलेलं कर्णाचं गुपित. चौथ्या आठवड्यात काही वाचायचं नाही, आधीच्यातलं काय राहिलं ते बोलायचं. भाषांतर साधं घ्या किंवा स्वतः सोप्या मराठीत सांगा. संस्कृतप्रचुर मजकुरापुढे लोक हात जोडून बसतात आणि बोलत नाहीत.

वस्तू आणि मारबत

पाचव्या आठवड्यापासून प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची. पदक नको, पदकाची गोष्ट तयार असते. एनॅमलचा मग, दोरी, सुईदोऱ्याची पिशवी, 'मार्फत ५६ एपीओ' असा फौजी टपालाचा पत्ता लिहिलेलं आंतर्देशीय पत्र. वस्तू हातात धरून पाच मिनिटं फक्त तिच्याबद्दल बोलायचं: कुठे मिळाली, वास कसा होता, शेवटची कधी वापरली. ऐकणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही आणि टाळी वाजवायची नाही. मग मुलांपैकी एकाने तीच गोष्ट "मी" म्हणून परत सांगायची, काही न वाढवता. स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाचा चेहरा बघा. तिथे दुरुस्त्या सुरू होतात: "नाही, तेव्हा मी हसलो होतो." पहिल्या सांगण्यात ते हसणं आलेलं नसतं.

आपल्या सुदैवाने याच सुमारास पोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी मारबत. इडा-पिडा घेऊन जाणारी ही पुतळ्यांची मिरवणूक म्हणजे शहराने वर्षातून एकदा केलेलं नाटकच. त्यातही काळी मारबत इंग्रजांना मिळालेल्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईवरच्या रागातून आली असं सांगतात, म्हणजे मूळ दुखणं पुन्हा लढाईनंतरचंच. त्या आठवड्यात प्रत्येकाने चिठ्ठीवर एक ओळ लिहायची, "घेऊन जा गे मारबत" ने संपणारी. नाव टाकायचं नाही. चिठ्ठ्या मिसळून कोणीही कोणाचीही वाचायची. "रात्री दोनला दार तपासायची सवय घेऊन जा गे मारबत." "सत्काराचे नारळ घेऊन जा गे मारबत." या ओळींतून आमच्या नाटकाचं कोरस तयार झालं. हा खेळ नागपूरबाहेर चालेल की नाही ते माहीत नाही. बहुधा नाही.

गोष्टीचा प्रसंग करताना

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, दहा आठवडे तरी.

अख्खं युद्ध सांगू देऊ नका. एक रात्र, एक चौकी, एक जेवण. वर्तमानकाळात बोलायचं: "मी बसलोय, बूट ओले आहेत." "आम्ही शत्रूला धूळ चारली" असं वाक्य आलं की मी विचारतो, "आम्ही म्हणजे कोण कोण? नावं?" पोवाडा आपल्या रक्तात आहे, जीभ आपोआप तिकडे वळते. पानिपताच्या बातमीच्या त्या प्रसिद्ध सांकेतिक निरोपात मोती आणि मोहरा मोजल्या होत्या, खुर्दा, म्हणजे साधे शिपाई, किती गेला त्याची गणती नव्हती. आपल्याला खुर्द्याचं नाटक करायचं आहे.

मग भूमिका उलटवायच्या. आधी घरातल्या: हवालदाराने सुट्टीवर आल्या रात्रीची आपली बायको करायची आणि बायकोने तो. सुरुवातीला हशा होतो, होऊ द्या. आमच्याकडे एका वहिनींनी नवऱ्याची भूमिका करताना फक्त ट्रंक उघडली, कपडे काढले, पुन्हा घडी घालून ठेवले, पुन्हा काढले. दहा मिनिटं. एक शब्द नाही. नवरा बघत होता. "मी असं करत होतो?" त्या म्हणाल्या, "तीन दिवस."

घर साधलं की मगच पलीकडचा माणूस. चेकपोस्टचा प्रसंग घ्या: झडती घेणारा जवान आणि ज्याची झडती होते तो. ज्याने झडत्या घेतल्यात त्याने हात वर करून उभं राहायचं. हा व्यायाम समुपदेशक हजर असतानाच करा आणि त्यानंतर घरी जायच्या आधी अर्धा तास गाणी-चहा ठेवा. फोरम पद्धतीने थांबवून "इथे दुसरं काय करता आलं असतं?" असं विचारताना सांभाळा. प्रत्यक्ष घडलेल्या मृत्यूच्या प्रसंगाला हा प्रश्न कधीही विचारायचा नाही. मेलेल्या सोबत्याला वाचवायचे पर्याय प्रेक्षकांनी सुचवणं ही क्रूरता आहे.

खराखुरा पलीकडचा माणूस मिळेल का? सीमेपलीकडून अवघड आहे, पण आधीच्यांनी वाट पाडलेली आहे. नौदलप्रमुख राहिलेले ॲडमिरल रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहिले, भारत-पाकिस्तानच्या निवृत्त सैनिकांना एकत्र आणण्यासाठी झटले आणि २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत मिळाला. आपल्याला त्याहून जवळचं दार आहे. हिवाळ्यात नागपुरात काश्मिरी शालवाले येतात, दारोदार फिरतात. खोऱ्यात नोकरी केलेला जवान आणि तो शालवाला एकाच गल्लीत असतात आणि भावाची घासाघीस सोडून काही बोलत नाहीत. त्याला चहाला बोलवा, नाटकात घ्यायला नाही. रेकॉर्डिंग नको, फोटो तर मुळीच नको, त्याला इथे धंदा करायचाय. आमच्याकडे असं एकदाच झालं आणि तासभर फक्त बर्फावर बोलणं झालं: कुठला बर्फ पायाला लागतो, कुठला नाही. दोघांना ते सारखंच माहीत होतं.

आकार

पन्नास मिनिटांच्या वर जाऊ नका. साचा शोधायला मुंबईकडे बघायची गरज नाही. पूर्व विदर्भात खडी गंमत आहे, दंडार आहे: लोक भोवती, ढोलकी, शाहीर, मध्येच थट्टा, मध्येच प्रेक्षकाला सवाल. थट्टा आणि शोक एकाच दमात पेलणारा हा प्रकार या कामाला फार सोयीचा आहे. शिवाय फौजी मंडळी नवशिकी नसतात, बडाखान्याच्या, म्हणजे पलटणीच्या सामूहिक जेवणाच्या रात्री नकला आणि गाणी करून त्यांचा हात बसलेला असतो. ती फौजी हिंदी तशीच ठेवा. "साब, राशन नहीं आया" याचं शुद्ध मराठी केलं की प्रसंग मरतो.

कागद

तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्या. निवृत्त झाला तरी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ लागू राहतो, म्हणून ठिकाणांचे तपशील, तुकड्यांच्या हालचाली, उपकरणं संहितेतून काढा; नाटकाला त्यांची गरज नसतेच. एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याला संहिता वाचायला द्या. वर्दी नको: कायद्याची भानगड आहेच, शिवाय वर्दी दिसली की प्रेक्षक पुन्हा सत्काराच्या भूमिकेत जातो. मृतांची नावं बदला आणि शक्य असेल तर त्यांच्या घरच्यांना आधी सांगा. प्रत्येक गोष्टीची मालकी सांगणाऱ्याची. प्रयोगाच्या सकाळी तो "नको" म्हणाला तर ती गोष्ट नाही. म्हणून प्रत्येक प्रसंग काढला तरी नाटक उभं राहील अशी बांधणी ठेवा.

पैसे फार लागत नाहीत. चहा-पोहे, ऑटोचं भाडं, समुपदेशकाचं मानधन. मानधन द्याच, फुकटात आलेला माणूस तिसऱ्या महिन्यात गळतो.

प्रयोग

पहिला प्रयोग फक्त घरच्यांसाठी, तीस-पस्तीस माणसं, त्याच तालमीच्या खोलीत. देशपांडे सभागृहाचं स्वप्न बाजूला ठेवा, तिथे शेवटच्या रांगेतल्याला चेहरा दिसत नाही. प्रमुख पाहुणा बोलावू नका. आम्ही एकदा बोलावला. ते तासभर उशिरा आले, पंचवीस मिनिटं शौर्यावर बोलले आणि प्रयोग सुरू होताच निघून गेले. कलाकार त्यांच्या भाषणात थिजले होते, पहिले तीन प्रसंग वाया गेले.

नाटक संपलं की दिवे पूर्ण लावा, टाळ्यांनंतर कोणी उठायच्या आत सतरंजीवर गोल करा. आधी चार जण बोलतील हे ठरलेलं असावं: एक पत्नी, एक मुलगा किंवा मुलगी, एक फौजी जो नाटकात नाही, आणि समुपदेशक. मग बाकीचे. सूत्रसंचालकाने दोनच गोष्टी अडवायच्या: भाषण आणि सल्ला. "यावरून आपण काय शिकलो" असं म्हणणाऱ्याला हळूच विचारा, "तुम्हाला स्वतःला कुठे लागलं?"

पुढचे प्रयोग महाविद्यालयं, गावातली समाजमंदिरं, जमलं तर झाडीपट्टीत एखादा. महिन्याला दोनपेक्षा जास्त नको. तीच रात्र पुन्हा पुन्हा जगायला लावतोय आपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक कलाकाराला फोन, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि आठवड्याने घरच्यांना वेगळा फोन: झोप कशी आहे, जेवण कसं आहे. प्रयोगांचा हंगाम संपला की खोली सोडायची नाही. शेवटच्या प्रयोगानंतरचे शनिवार रिकामे वाटतात आणि अडचणी नेमक्या तेव्हाच डोकं वर काढतात. चहा चालू ठेवा, तालीम नसली तरी. खोलीची किल्ली दिग्दर्शकाकडे न ठेवता गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाकडे द्या. त्याला यावंच लागतं.